डाव्या हाताची गोष्ट

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार निघेपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढ्यात कोल्हापुरात पुष्कळ वाद रंगलेले आहेत. माझा हा वादही तिथेच सुरू झाला. हौशी रंगभूमीवर उभा जन्म काढलेले, वडिलांचे जुने स्नेही असलेले एक काका शेजारी उभे राहून माझे आणि माझ्या मित्राचे बोलणे बराच वेळ ऐकत होते. आम्ही एका व्हिडिओ गेमच्या शेवटाविषयी बोलत होतो. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या त्या खेळांत गोष्ट नसते, आणि ज्यांत गोष्ट असते, त्यांत खेळ नसतो." फेसाळलेला पेला त्यांनी एका दमात संपवला, मिशीवरचा फेस टिपला आणि ते महाद्वार रोडच्या दिशेने चालते झाले. ते वाक्य मला लागले, कारण ते निम्मे खरे होते. पूर्ण खोटे असते, तर मी ते तिथेच सोडून घरी आलो असतो.

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात व्हिडिओ गेम आला तो १९९० च्या दशकाच्या मध्यावर. टीव्हीला जोडायचा एक डबा, वायर लावलेले दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे आणि आत तेच दहा-पंधरा खेळ पुन्हा पुन्हा निघत. चित्र फाटले, की कॅसेट उपसायची, तिच्या तोंडाशी जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. त्यांतला कॉन्ट्रा आम्ही सर्वाधिक खेळलो. निळ्या विजारीचा एक आणि लाल विजारीचा एक, असे दोन उघडे शिपाई डावीकडून उजवीकडे धावत सुटतात, यापलीकडे त्या गेममध्ये आम्हाला कोणी काही सांगितले नव्हते. माहितीपुस्तिका आमच्यापर्यंत कधी पोहोचलीच नाही. म्हणून गोष्ट आम्ही लावली. निळा शिवाजी पेठेतला होता, लाल मंगळवार पेठेतला होता, दोघांचे फुटबॉलवरून वैर होते आणि जंगलात सापडल्यामुळे त्यांना एकमेकांवाचून गत्यंतर नव्हते. दोघे खेळत, तिघे सतरंजीवर मागे बसून पुढचे कथानक पुरवत.

त्या खेळात एक सोय होती. आपले जीव संपले, की जोडीदाराच्या शिल्लक जीवांतला एक घेऊन पुन्हा उभे राहता येत असे. माझ्या आतेभावाने एकदा शेवटच्या टप्प्यावर, मला न विचारता, माझा उरलेला एकमेव जीव उसना घेतला आणि पुढच्या क्षणी तोही घालवला. मग मीही मेलो. आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. आज मागे वळून पाहताना मला वाटते, की व्हिडिओ गेममधली मी अनुभवलेली पहिली खरी गोष्ट ती होती. तिच्यात विश्वास होता, विश्वासघात होता, पश्चात्तापही होता, आणि तरीही ती कोणत्याही लेखकाने लिहिलेली नव्हती. ती त्या नियमात दबा धरून बसली होती आणि आमच्या हातांनी ती बाहेर काढली.

पुढे संवाद असलेले गेम आले तेव्हा आम्ही मराठी माध्यमातली, सातवी-आठवीतली मुले होतो. पडद्यावरच्या दहा शब्दांतले तीन कळत आणि उरलेल्या सातांच्या जागी आम्ही आमचे काहीतरी भरत असू. याची मला पुष्कळ वर्षे खंत होती. मग डार्क सोल्स या २०११ च्या गेमचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांच्या लहानपणाविषयी वाचनात आले. तेही आवाक्याबाहेरची इंग्रजी पुस्तके ग्रंथालयातून आणून वाचत आणि न कळलेल्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरत असत. त्यांच्या गेममध्ये कोणी गोष्ट सांगत नाही. एखाद्या गंजक्या तलवारीच्या वर्णनात दोन ओळी सापडतात, एखाद्या मृताच्या बसण्याच्या जागेवरून अंदाज बांधता येतो, आणि बाकीचे खेळणाऱ्याने लावायचे असते. जे आम्ही सतरंजीवर गरजेपोटी करत होतो, तेच या माणसाने कथनाची रीत म्हणून स्वीकारले आहे, हे कळले तेव्हा माझी खंत गेली.

काकांच्या वाक्याकडे परत येतो. ते वाक्य कोल्हापूरच्या माणसाने उच्चारावे याचे मला नवल वाटले, कारण या गावात गोष्ट आणि खेळ यांच्यामध्ये फक्त एक भिंत आहे. शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्ती मैदान १९१२ मध्ये उभे केले आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर बांधले. तेच आपले केशवराव भोसले नाट्यगृह. इकडे पैलवान शड्डू ठोकत आहेत आणि तिकडे नांदी चालू आहे, असे शेजार या गावाने पिढ्यान्पिढ्या पाहिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली तेव्हा खासबागेचे व्यासपीठही त्या आगीत सापडले. त्या रात्री काका रस्त्यावर उभे होते आणि मीही होतो. आम्हा दोघांच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. मराठी भाषेनेही ही दोन दालने कधी अलग केली नाहीत. आपण सिनेमाचा तीनचा खेळ म्हणतो आणि कुस्तीलाही खेळच म्हणतो. कुस्ती रंगते, नाटक रंगते, गप्पा रंगतात. गेमची समीक्षा करणारे लोक कथेला वेगळे गुण देतात आणि खेळण्यातल्या मजेला वेगळे, तेव्हा मला ती वाटणीच चुकीची वाटते. रंगला की नाही, हा प्रश्न एकच असतो आणि त्याचे उत्तर दोन रकान्यांत मांडता येत नाही.

पण न रंगण्याची कारणे मात्र नेमकी सांगता येतात आणि इथे काकांचे निम्मे खरे वाक्य मी मान्य करतो. क्लिंट हॉकिंग या गेम-रचनाकाराने २००७ मध्ये बायोशॉक या गेमवर लिहिताना 'ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स' असा शब्दप्रयोग केला. खेळाचे नियम खेळणाऱ्याला एक शिकवतात आणि कथा त्याच्याकडून नेमके उलट मागते, ही त्यांची तक्रार होती. आपल्याकडे यासाठी रसभंग हा शब्द आधीपासून आहे आणि तो मला अधिक नेमका वाटतो, कारण त्यात दोष कुठे आहे यापेक्षा काय मोडले हे सांगितलेले आहे. २०१३ च्या टूम रेडरमध्ये नायिका लारा पहिल्यांदा माणूस मारते तेव्हा ती थरथरते, तिला हुंदका आवरत नाही, आणि तो प्रसंग फार प्रामाणिकपणे रंगवलेला आहे. त्यानंतर काही मिनिटांतच खेळ आपल्या हाती धनुष्य आणि बंदूक देऊन माणसामागून माणूस मारायला लावतो आणि प्रत्येक अचूक नेमाबद्दल बक्षीसही देतो. तो हुंदका खोटा नव्हता, पण माझ्या बोटांनी तो खोटा ठरवला. याउलट जाणारा दोषही तितकाच जड आहे. २००८ च्या मेटल गिअर सॉलिड ४ ची अखेरची दृश्यमालिका तासाभराहून अधिक चालते. एवढा वेळ रिमोट मांडीवर ठेवून बसलेला खेळाडू हा प्रेक्षकही नसतो, कारण तो प्रेक्षक म्हणून आलेला नसतो. असे प्रसंग पाहताना मला जाणवते, की रचनाकाराला स्वतःच्या खेळावर भरवसा नाही. महत्त्वाचे काही सांगायची वेळ आली, की तो खेळणाऱ्याच्या हातातून दोरी काढून घेतो.

ज्यांनी ती काढून घेतली नाही, त्यांचेच गेम माझ्या मनात घर करून राहिले आहेत. फुमितो उएदा यांचा शॅडो ऑफ द कलॉसस २००५ मध्ये आला. मी तो तासाच्या हिशेबाने पैसे मोजून एका दुकानात खेळलो. मेलेल्या मुलीला जिवंत करण्यासाठी एका तरुणाने सोळा अजस्र प्राणी मारायचे, एवढीच त्याची कथा आहे. प्राण्याच्या अंगावरची लव धरून वर चढायचे असते आणि त्यासाठी एक बटण दाबून धरावे लागते. बोट सैल पडले, की तरुण कोसळतो. प्राणी अंग झाडतो तेव्हा आपले बोट पांढरे पडेपर्यंत बटणावर रुतलेले असते, आणि हा तरुण कशाला एवढा चिकटून राहिला आहे हे बोटातून वर चढत आपल्याला कळू लागते. प्राणी कोसळतो तेव्हा संगीत विजयाचे लागत नाही, शोकाचे लागते. तिसऱ्या प्राण्यानंतर मला मारण्याची इच्छा उरली नव्हती. पण खेळायची इच्छा मात्र होती. या दोन इच्छांमधली ओढाताण हेच त्या गेमचे कथानक आहे, आणि मला ते कोणी एका वाक्यानेही समजावून सांगितलेले नव्हते.

ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, बाबतीत प्रश्न वेगळा उभा राहतो, कारण तिथे हाताला काम नसते. आमच्या पिढीने पहिला ॲनिमे पाहिला तो जपानी आहे हे ठाऊक नसतानाच. १९९३ मध्ये दूरदर्शनवर लागणारा मोगली आम्ही आपलाच मानत होतो. पुढे जाणतेपणी ॲनिमे पाहू लागल्यावर लक्षात आले, की त्यांतली चित्रे फार कमी हलतात. ओसामू तेझुका यांनी १९६३ मध्ये ॲस्ट्रो बॉय ही दर आठवड्याची मालिका सुरू केली तेव्हा पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे होते. म्हणून चित्रे मोजकी काढायची, तीच पुन्हा वापरायची, चेहरा स्थिर ठेवून नुसते ओठ हलवायचे, अशा काटकसरीच्या वाटा रूढ झाल्या. काटकसरीतूनच पुढे शैली जन्मली. १९९५-९६ च्या इव्हांजेलियनमध्ये बाविसाव्या भागात दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत. एक पुढे, एक मागे. जवळजवळ मिनिटभर कोणीही हलत नाही, बोलत नाही, आणि फक्त लिफ्टचा आवाज येत राहतो. माझ्या एका मित्राला हा आळस वाटतो. मला तो प्रसंग त्या मालिकेतल्या कोणत्याही लढाईपेक्षा असह्य वाटतो, आणि असह्य हा शब्द मी इथे स्तुती म्हणून वापरतो आहे.

ॲनिमे चित्रपटांचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी (डार्क सोल्सच्या मियाझाकींचे केवळ आडनाव तेच) एका मुलाखतीत टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या आणि दोन टाळ्यांमधला जो रिकामा वेळ, त्याला जपानीत 'मा' म्हणतात, असे सांगितले होते. तबला ऐकत वाढलेल्या मराठी कानाला हे समजावून सांगावे लागत नाही. तालात टाळी असते तशी खालीही असते, आणि खाली चुकली तर समेवर यायचे कसे? त्यांच्या २००१ च्या स्पिरिटेड अवेमध्ये एक मुलगी पाण्यावरून जाणाऱ्या आगगाडीतून प्रवास करते. रूळ पाण्याखाली आहेत, प्रवासी सावल्यांसारखे आहेत आणि कथानक त्या काही मिनिटांत तसूभरही पुढे सरकत नाही. हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो नुसता सुंदर वाटला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर कित्येक दिवस तुटून राहिले. त्यानंतर तो पुन्हा पाहिला, तेव्हा पाण्याखालच्या वाटेवरून कुठेतरी पोहोचता येते आहे, एवढ्यानेच डोळे भरून आले. कथानक जिथे थांबते तिथे पाहणाऱ्याचे स्वतःचे काहीतरी आत यायला जागा होते. प्रसंगावर प्रसंग रचणाऱ्या मालिकांत ती जागा नसते, म्हणून त्या पाहताना दमछाक होते आणि पाहून झाल्यावर हाती काही लागत नाही.

संथ ते सगळे चांगले, असे मात्र मी म्हणणार नाही. मूळ मांगाने (जपानी चित्रकथेने) पुढे निघून जावे म्हणून नारुतोच्या पहिल्या मालिकेच्या शेवटी ८० च्या आसपास भरतीचे भाग घातले गेले. त्यांचा दोष संथपणाचा नाही. त्यांत कोणाचेच काही पणाला लागलेले नाही, आणि ते पाहणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत समजते.

याहून विचार करायला लावणारा प्रकार म्हणजे २००९ मधले सुझुमिया हारुही या ॲनिमे मालिकेचे आठ भाग. उन्हाळी सुटीचे शेवटचे दोन आठवडे पुन्हा पुन्हा घडत राहतात, आणि मालिकेने हे सलग आठ भागांत, जवळजवळ तेच कथानक घेऊन, प्रत्येक वेळी नव्याने चित्रे काढून आणि नव्याने आवाज देऊन दाखवले. पात्रांपैकी एकीलाच सारे आठवत असते आणि तिने ते दोन आठवडे १५ हजारांहून अधिक वेळा सोसलेले असतात. तिचा कंटाळा प्रेक्षकाच्या अंगात उतरावा, ही कल्पना मोठी आहे यात शंका नाही. मी आठही भाग पाहिले आणि चौथ्यापासून माझे मन तिच्यापासून दूर गेले. कंटाळा उतरला, सहानुभूती उतरली नाही. मला वाटते, याचे कारण असे, की पाहणाऱ्याला पुनरावृत्तीतून काही कमावता येत नाही. तो त्याच खुर्चीत तसाच बसलेला राहतो.

आता हीच युक्ती खेळात घालून पाहावी. आउटर वाइल्ड्स या २०१९ च्या गेममध्ये दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सारे नष्ट होते आणि आपण पुन्हा त्याच शेकोटीपाशी जागे होतो. हाती काहीही उरत नाही. जे कळले तेवढेच उरते. पहिल्या दिवशी माझे यान प्रत्येक ग्रहावर आपटून फुटत होते. आठवडाभराने मी न बघता ते अलगद उतरवू लागलो, आणि कोणत्या क्षणी कुठली गुहा वाळूने भरते हे मला घरच्या नळाला पाणी कधी येते तसे पाठ झाले होते. वारंवार मरूनही मला एकदाही कंटाळा आला नाही. कोल्हापुरात पैलवान जिथे जोर-बैठका काढतो तिला आपण तालीम म्हणतो, आणि नट प्रयोगाआधी तेच वाक्य पन्नास वेळा म्हणतो त्यालाही तालीमच म्हणतो. पैलवानाला एकेरी पट हजारदा काढायला लावला, तर हजारावा पट पहिल्यासारखा राहत नाही, कारण मधल्या काळात पैलवान बदललेला असतो. गेममधली पुनरावृत्ती ही तालमीची असते. ॲनिमे हा प्रयोग आहे, आणि एकच प्रयोग सलग आठ वेळा पाहायला लावणाऱ्याने प्रेक्षकाला तालमीत कोंडले, पण हातात माती दिली नाही.

हे सगळे मी काकांना सांगितले. ते कट्ट्यावर नेहमीच्या जागी उभे होते आणि त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतले. तालमीची गोष्ट त्यांना पटली. मग त्यांनी जे विचारले, त्याने मी गप्प झालो. "नट घडतो तालमीत हे खरं, पण तालमीला कुणी टाळ्या देत नाही. तुझ्या खेळात नटही तूच आणि प्रेक्षकही तूच. मग त्याचं रंगणं बघतंय कोण?"

त्याच महिन्यात राजारामपुरीत ताईकडे गेलो होतो. आठवीतल्या भाचीला सुटी होती आणि मी तिला ब्रदर्स हा २०१३ चा गेम लावून दिला होता. जोसेफ फारेस या स्वीडनमधल्या चित्रपट दिग्दर्शकाने तो रचला. आजारी वडिलांसाठी औषध आणायला निघालेले दोन भाऊ एकाच खेळणाऱ्याने चालवायचे असतात. डाव्या हाताकडे थोरला, उजव्या हाताकडे धाकटा. दोघे बोलतात ती भाषा पृथ्वीवर कोणाचीच नाही, ती मुद्दाम घडवलेली आहे, त्यामुळे इंग्रजी येणारा आणि न येणारा दोघेही तिथे सारखेच. दोघांची आई पाण्यात बुडालेली आहे आणि धाकटा पाण्याला घाबरतो. नदी आली, की तो थोरल्याची पाठ धरतो आणि थोरला त्याला पलीकडे नेतो. पहिला तासभर भाचीचे दोन्ही अंगठे एकमेकांत गुंतत होते. मग हात सरावले आणि दोघे भाऊ तिच्या हाती नीट चालू लागले.

शेवटाकडे थोरला मरतो. त्याला ओढत नेऊन खड्ड्यात ठेवायचे, वर माती लोटायची, हे सारे खेळणाऱ्यालाच करावे लागते. भाची काही बोलली नाही. तिचा डावा अंगठा मात्र वर उचललेला होता, कारण त्या बाजूला आता कोणी नव्हते. धाकटा एकटा परत निघाला आणि गावाजवळच्या पाण्याशी येऊन थांबला. उजवे बटण दाबले, की तो दोन पावले जाई आणि मागे फिरे. "मामा, हा उतरंना झालाय," ती म्हणाली. मी रिमोट घ्यायला हात पुढे केला तर तिने तो छातीशी धरला. "थांब की. मी करतो." तिने उजवे बटण पुन्हा दाबले, जोरात दाबले, धरून ठेवले. धाकटा काठावरच उभा राहिला. बराच वेळ ती नुसती पडद्याकडे पाहत होती. मग तिचे डावे बोट, तिच्याही नकळत असावे, थोरल्याच्या बटणावर गेले.

धाकटा पाण्यात उतरला. हात मारू लागला.

मला माझा आतेभाऊ आठवला, आणि तो उसना घेतलेला जीव. भाचीचे डोळे वाहत होते, पण दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हते. मागे स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती, हातांना कणीक तशीच लागलेली. ती तिथे कधीपासून उभी होती हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. गॅसवरचा तवा तापून धुरावला होता आणि तिचे तिकडे लक्षच नव्हते.

"पोचला का गं काठाला?" तिने विचारले.

भाचीने उत्तर दिले नाही आणि डावे बोटही उचलले नाही.